तगरीखाली टॉर्च: अगाथिया पतंगांपासून सुरुवात कशी करावी

श्रावणातली पहाट होती. सासूबाई पूजेची फुलं काढायला परसात गेल्या होत्या. तगरीची फांदी खाली ओढली आणि तिथूनच त्यांची हाक आली, "अगं, हे किडकं पान बघ. ओढतेय तर हातातून निसटतंय."

टॉर्च घेऊन गेले. ते पान नव्हतंच. हिरवेगार पंख, त्यांवर जांभळट तपकिरी पट्टे, आणि पंख पानावर इस्त्री केल्यासारखे सपाट. "आई, हात नका लावू, पतंग आहे तो."

"पतंग? मग दिव्याकडे जायचं सोडून माझ्या फुलांत काय करतोय?"

या प्रश्नानेच मला शिकवलं. गोव्यात कुणाला पतंग बघायची हौस लागली की पहिला सल्ला मिळतो तो पांढरी चादर बांधायचा आणि मोठा दिवा लावायचा. पहिल्याच रात्री चादरीवर दोनशे पतंग येतात, त्यातल्या एकाचंही नाव कळत नाही आणि आठवड्याभरात चादर परत कपाटात जाते. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं असंच झालं. म्हणून माझा सल्ला वेगळा आहे: एक वंश धरा, एक झाड धरा. वंश अगाथिया आणि झाड आपल्या अंगणातली तगर. चादर नंतर.

नावांचा घोळ आधीच मिटवून टाकू. मराठीत 'प्रजाती' हा शब्द कुणी जीनससाठी वापरतं, कुणी स्पीशीजसाठी. इथे मी जीनसला 'वंश' आणि स्पीशीजला 'जाती' म्हणणार आहे. अगाथिया हा वंश. तो जिओमेट्रिडी या कुळातला. या कुळात जगभरात सुमारे २३,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत, म्हणजे पूर्ण कुळ शिकायला बसलात तर जन्म पुरणार नाही. जिओमेट्रिडी म्हणजे जमीन मोजणारे. हे नाव पतंगामुळे पडलेलं नाही, त्याच्या अळीमुळे पडलं.

अळी कशी ओळखायची ते आधी शिका, कारण ते सगळ्यात सोपं आहे. साध्या अळीला पुढे खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात आणि मागे पोटाखाली मांसल पायांच्या पाच जोड्या. जिओमेट्रिडीच्या अळीला मागचे पाय सहसा दोनच जोड्या, त्याही अगदी शेपटीकडे: एक पोटाच्या सहाव्या वळ्यावर आणि एक दहाव्या. मधे काहीच नाही. त्यामुळे चालताना ती मागचा भाग ओढून पुढच्या पायांना टेकवते, मधे कमान होते, मग पुढचा भाग लांब टाकते. वीत वीत मोजत जावं तशी. शेतकरी सोयाबीनवरच्या अशा अळीला उंटअळी म्हणतात, पण ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुळांतल्या पतंगांची असते. तिची कमान अर्धवट असते, आणि मागच्या पायांच्या तीन किंवा चार जोड्या असतात. तेव्हा वाकून पाय मोजा. दोन जोड्या निघाल्या तर आपला पाहुणा.

आता झाड. अगाथियाच्या अळ्या ॲपोसायनेसी कुळातल्या झाडांवर वाढतात. हे कुळ गोव्यात शोधायला जंगलात जावं लागत नाही. तगर, कण्हेर, करवंद (आपली कांटां), कुडा, सातवीण ही सगळी याच कुळातली. ओळख अशी: पान तोडलं की पांढरा चीक येतो, आणि पानं समोरासमोर किंवा एकाच पेरावर तीन-चारच्या चक्रात असतात. चीक फणसाला आणि वडालाही येतो, पण त्यांची पानं एकाआड एक असतात. चाफा मात्र या नियमाला फाटा देतो. त्याची पानं एकाआड एक आणि तरी कुळ हेच.

एक सूचना इथेच करते, कारण मी स्वतः विसरले होते. कण्हेरीचा चीक विषारी आहे. पानं उलटीपालटी केल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका, खायच्या वस्तूंनाही नाही. लहान मुलं सोबत असतील तर कण्हेर वगळा, तगरीनेच सुरुवात करा.

घरी तगर नसेल तर देवळात जा. फोंडा, डिचोली, पेडणे, कुठल्याही तालुक्यातलं देऊळ घ्या. आवारात पूजेसाठी तगर-कण्हेर लावलेली असते, अग्रशाळेची, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीची, भिंत पांढऱ्या चुन्याची असते आणि त्या भिंतीवर रात्रभर ट्यूबलाइट जळते. पतंग बघणाऱ्याला याहून काय पाहिजे? झाड आणि चादर दोन्ही एकाच ठिकाणी, फुकट. जुनी ट्यूब असेल तर आणखी चांगलं. नव्या एलईडी दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे त्यांच्याकडे पतंग कमी येतात. पुजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. रात्री नऊ वाजता देवळाच्या भिंतीला नाक लावून उभं राहिलेलं माणूस कुणालाही संशयास्पदच वाटणार.

झाड नक्की झालं की पहिले पंधरा दिवस एवढंच करा: रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं त्या झाडाखाली टॉर्च घेऊन उभं राहा. टॉर्च वरून मारू नका. खालून, पानांच्या मागच्या बाजूने मारा. प्रकाश पानातून आरपार येतो आणि पानावर बसलेली अळी काळ्या रेघेसारखी दिसते. कोवळी पालवी आधी बघा. पानाच्या कडेला ताजा कुरतडलेला भाग असेल, खालच्या पानावर काळी बारीक विष्ठा पडलेली असेल, तर वरच्या फांदीवर नजर ठेवा. या कुळातल्या अळ्या दिवसा बहुधा मागच्या पायांनी फांदी धरून ताठ उभ्या राहतात, काडीसारख्या. पहिल्यांदा दिसत नाहीत. एकदा दिसली की मग सगळीकडे दिसू लागतात, आणि काड्यासुद्धा अळ्या वाटायला लागतात. तेही चालेल.

तगरीवर तुम्हाला दुसरे भाडेकरूही सापडतील. जाडजूड अळी, शेपटीवर शिंग, अंगठ्यासारखी गुबगुबीत: ती कण्हेरीवरच्या हॉकमॉथ पतंगाची, डॅफ्निस नेरी. अंगावर काळे मऊ दोरे असलेली, पट्ट्यापट्ट्यांची अळी कण्हेरीवर दिसली तर ती कॉमन क्रो फुलपाखराची. दोन पानं रेशमाने चिकटवून आत बसलेली हिरवी अळी बहुधा पॅरोटिस या पतंगाची. त्यांना हाकलू नका, नुसती वहीत लिहा. कोण कुणाच्या शेजारी राहतं हे नंतर कामाला येतं.

प्रौढ पतंग कसा ओळखायचा? अंग बारीक, पंख रुंद, आणि बसताना पंख दोन्हीकडे सपाट पसरलेले, ही जिओमेट्रिडीची साधारण ठेवण. पुढच्या पंखावरची रेघ बऱ्याचदा मागच्या पंखावर तशीच पुढे जाते, जणू चारही पंख एकत्र ठेवून एकाच कुंचल्याने ओढली. अगाथिया लेटाटा या जातीचे पंख पसरले की सुमारे साडेतीन सेंटिमीटर भरतात. रंग पोपटी हिरवा. पुढच्या पंखाच्या मुळाशी जांभळट तपकिरी डाग, मधून तिरका पट्टा, आणि बाहेरच्या कडेला रुंद तपकिरी पट्टा, त्यात हिरव्याची बेटं. मागच्या पंखाला बाहेर आलेलं छोटं टोक, शेपटीसारखं. मी पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा पट्ट्याची कड सरळ नव्हती. करपा पडलेल्या पानाला जशी नागमोडी कड येते, तशी होती. पानावर बसला की हिरवा भाग पानात मिसळतो, आणि उरतात ते फक्त करपल्याचे डाग. पक्ष्याला पतंगाचा आकारच दिसत नाही. सासूबाईंनी 'किडकं पान' म्हटलं ते उगाच नाही.

हिरव्या पतंगांत गफलत होते ती तीन ठिकाणी. थॅलासोडीस आणि पेलागोडीस हे वंशही हिरवे, पण त्यांच्यावर नुसत्या बारीक पांढऱ्या रेघा असतात, तपकिरी पट्टा नाही. हे दोन वंश तर फोटोवरून एकमेकांपासूनही वेगळे करता येत नाहीत, जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. त्यांच्या मागे नवशिक्याने लागूच नये. दुसरा कोमोस्टोला: नखाएवढा, हिरवा, लालसर ठिपक्यांचा. तिसरा वर सांगितलेला पॅरोटिस. तोही हिरवा आणि तोही तगरीच्याच आसपास, पण त्याचे पंख मोत्यासारखे चमकतात, थोडे पारदर्शक असतात, आणि मिशा लांब, पाठीवर मागे टाकलेल्या. ते कुळच वेगळं. आणि चादरीवर पांढराशुभ्र, राखाडी रेघांचा, शेपटीपाशी काळा ठिपका असलेला मायक्रोनिया आला तर त्यालाही जिओमेट्रिडी म्हणून मोकळे होऊ नका. तो युरेनिइडी कुळातला. मी वर्षभर त्याला चुकीच्या वहीत लिहीत होते.

नावं वाचायची एक गंमत सांगते. लिनियसने १७५८ साली जमीन मोजणाऱ्या पतंगांना नावं देताना एक युक्ती वापरली: ज्यांच्या मिशा पिसासारख्या त्यांच्या नावाचा शेवट 'आरिया', ज्यांच्या मिशा साध्या दोऱ्यासारख्या त्यांचा शेवट 'आटा'. पुढच्या लोकांनी हा नियम काटेकोर पाळला नाही, पण शेवट मात्र ठेवले. म्हणून फॅब्रिशियसने १७९४ मध्ये नाव दिलेला तो लेटाटा, आणि कोलरने १८४४ मध्ये नाव दिलेला तो अगाथियाचीच दुसरी जात लायकेनारिया. अगाथिया हा वंश स्थापन केला तो १८५८ मध्ये ॲशिल गेने या फ्रेंच माणसाने. पेशाने वकील होते ते. यादीत एखाद्या अनोळखी पतंगाच्या नावाचा शेवट 'आरिया' किंवा 'आटा' दिसला तर तो बहुधा याच कुळातला, एवढा अंदाज आजही बांधता येतो.

पंधरा दिवस झाडाखाली काढल्यावर चादर बांधा. साधी पांढरी सुती चादर, दोन माडांमध्ये दोरी, आणि १६० वॉटचा मर्क्युरी दिवा किंवा अतिनील एलईडी. अतिनील दिव्याकडे सरळ बघत बसू नका, चश्मा घाला. अमावस्येच्या आसपासच्या रात्री घ्या. पौर्णिमेला चादर रिकामी राहते, वारा असला तरी तेच. दमट, ढगाळ, वारा पडलेली रात्र सगळ्यात चांगली. गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो. पहिल्या सरींनंतर पालवी फुटते तो काळ आणि मग चवथीपासून दिवाळीपर्यंतचा काळ, हे दोन हंगाम धरा. २०१२ पासून जुलैच्या शेवटी पतंग सप्ताह साजरा होतो, पण तो ठरवला अमेरिकेत. जुलैत इथे आभाळ फाटलेलं असतं. मी दोन वर्षं हौसेने बसले आणि दोन्ही वर्षं भिजलेली चादर पिळून घरी आले. आता त्या आठवड्यात व्हरांड्यातल्या बल्बवर समाधान मानते.

चादर लावल्यावर नवशिके चादरीकडेच बघत बसतात. हिरवे जिओमेट्रिड बऱ्याचदा चादरीवर बसतच नाहीत. दिव्यापासून दोन-चार मीटरवरच्या झुडपात, पानांच्या खाली बसतात. दर पंधरा मिनिटांनी आजूबाजूची पानं बघून या. आणि कमरेच्या किल्ल्या खुळखुळवू नका. या पतंगांच्या पोटाच्या मुळाशी कान असतात, वटवाघळाचा अतिध्वनी ऐकण्यासाठी. किल्ल्यांच्या आवाजात तो ध्वनी असतो. एकदा माझ्या हातातला जुडगा वाजला आणि अर्ध्या तासाने दिसलेला अगाथिया टपकन खाली पडून गवतात नाहीसा झाला.

दोन धोके. पावसाळ्यात दिव्यावर एक बारीक, लांबट, नारिंगी-काळा भुंगेरा येतो, पेडेरस. तो मानेवर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते आणि फोड येतात. दुसरा धोका पायाखालचा. बूट घाला आणि पाऊल टाकण्याआधी टॉर्च मारा. कोकणपट्टीत फुरसं आहे आणि ते रात्री फिरतं.

तिसरा धोका माणसांचा. एकदा नवऱ्याच्या काकांच्या कुळागरात आम्ही चादर लावली. काकांना कळवलं होतं, शेजाऱ्यांना कळवायचं राहिलं. पोफळींच्या मधे जांभळा उजेड बघून शेजारचे एक गृहस्थ कोयता घेऊन आले. "कोण रे तिथे?" मी म्हटलं, "मी, काका, पुतणसून! पतंग बघतेय." ते थोडा वेळ चादरीकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "हे बघायला एवढा उजेड? आमच्या बाथरूमात रोज येतात." आणि खरंच, त्यांच्या न्हाणीच्या भिंतीवर त्या रात्री माझ्या चादरीहून जास्त प्रकार होते. तेव्हा शेजारी आधी, दिवा नंतर. मोले, खोतीगाव, नेत्रावळी, बोंडला, म्हादई या अभयारण्यांत तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रात्री दिवा लावायचाच नाही, आणि पकडून आणणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा प्रश्न होतो.

पकडायची तशी गरजही नाही. या हिरव्या पतंगांच्या पंखांतला रंग जिओव्हर्डिन नावाच्या रंगद्रव्याचा. ओल लागली की तो पिवळट पडतो. गोव्याच्या दमटपणात मारून ठेवलेला अगाथिया काही महिन्यांत वाळल्या पानाच्या रंगाचा होतो. फोटोत तो हिरवाच राहतो. फोटो काढताना एवढं पाळा: बरोबर वरून, पंखांना समांतर. एक फोटो पट्टी शेजारी ठेवून. एक बाजूने, मिशा दिसतील असा. जमलंच तर पंखाच्या खालच्या बाजूचा. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत हिरवा तपकिरी दिसतो, म्हणून फ्लॅश वापरा आणि त्यावर पातळ पांढरा कागद लावा.

अळी सापडली तर वाढवून बघा, कारण अळी आणि पतंग यांची गाठ घालून देणं हे हौशी माणसाला जमण्यासारखं खरं काम आहे. आपल्या सीमेपलीकडे कारवारात टी. आर. बेल या वनाधिकाऱ्याने हेच केलं. दिवसभर वनखात्याची नोकरी, आणि घरी अळ्यांचे डबे. नोकरी संपल्यावरही ते कारवारातच राहिले, १९४८ मध्ये जाईपर्यंत. भारतातल्या हॉकमॉथच्या अळ्यांची बरीचशी माहिती त्यांच्या त्या डब्यांतून आली.

डबा प्लास्टिकचा, झाकणाला टाचणीने भोकं, तळाला टिशू पेपर. ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची पानं रोज ताजी. तगरीवरची अळी करवंदाचं पान खाईल असं धरून चालू नका. पाणी शिंपडू नका. पानांतच पुरेसं पाणी असतं आणि गोव्यात बुरशी बोलवावी लागत नाही. विष्ठा रोज काढा. अळी खायचं थांबवून इकडेतिकडे भटकू लागली, रंग मंदावला, की डब्यात दोन सुकी पानं आणि बोटभर कोरडी माती टाका. काही पानांत कोष करतात, काही मातीत. त्यानंतर डबा हलवू नका. आत एक काडी तिरकी उभी ठेवा, म्हणजे बाहेर पडलेल्या पतंगाला लटकून पंख पसरता येतील. माझा पहिला पतंग काडीअभावी सुरकुतलेल्या पंखांचा निघाला, त्याचा फोटोही काढवला नाही.

पतंगाऐवजी डब्यात एखादी माशी किंवा बारीक गांधीलमाशी निघाली तर वाईट वाटून घेऊ नका, तीही लिहा. कुठल्या अळीतून कुठला परजीवी निघाला याच्या नोंदी पतंगांच्या नोंदींपेक्षाही दुर्मीळ असतात.

वहीत काय लिहायचं: तारीख, वेळ, गाव, झाड, पाऊस, चंद्र, पतंग चादरीवर होता की पानाखाली. नाव शेवटी. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका आणि 'मॉथ्स ऑफ इंडिया' या संकेतस्थळावरच्या फोटोंशी ताडून बघा. जुनी वर्णनं वाचायची असतील तर हॅम्पसनच्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'चा १८९५ मधला पतंगांचा तिसरा खंड मोफत मिळतो. वर्णनं कोरडी आहेत, पण पंखाची 'शिरा चार' वगैरे वाचायची सवय लागते. जात नक्की होत नसेल तर 'अगाथिया' एवढंच लिहून थांबा. चुकीच्या जातीपेक्षा बरोबर वंश कधीही चांगला. कुणी तज्ज्ञ दोन वर्षांनी तुमचा फोटो बघून पुढचं नाव लावेल, पण गाव आणि झाड तुम्हीच लिहायचं राहिलं असेल तर ते त्याला कुठून मिळणार?

आमच्या तगरीची देवळाकडची फांदी सासूबाई आता तोडत नाहीत. त्या फांदीला त्यांनी लाल दोरा बांधून ठेवलाय, म्हणजे कामवाल्या बाईंनाही कळावं. फुलं बाकीच्या फांद्यांची. काल रात्री टॉर्च खालून मारला तेव्हा त्या फांदीवर तीन अळ्या होत्या: दोन शिंगवाल्या, आणि एक काडीसारखी, पोटाखालचे पाय दोन जोड्या.